काजव्यांचे छायाचित्र : एकच दीर्घ एक्स्पोजर की अनेक फ्रेम?

रानवाट : मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा परिसरात काजव्यांची छायाचित्रे घेण्याचा विचार आहे. ट्रायपॉड आणि एफ १.८ ची (भरपूर प्रकाश आत घेणारी) लेन्स आहे. दहा मिनिटांचे एकच एक्स्पोजर घ्यावे (म्हणजे शटर सलग तेवढा वेळ उघडे ठेवावे), की लहान एक्स्पोजर घेऊन ती संगणकावर जोडावीत?

सांजसावली : लहानच घ्यावीत. दीर्घ एक्स्पोजरमध्ये सेन्सर तापून नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) वाढतो, शिवाय एखाद्या पर्यटकाच्या टॉर्चचा झोत आला की सगळी मेहनत वाया जाते. ३० सेकंदांच्या वीस फ्रेम असतील, तर बिघडलेली तेवढी वगळता येते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात करावी आणि फोकस उजेड असतानाच मॅन्युअलवर पक्का करावा. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ मात्र आठवणीने बंद ठेवावे, कारण ते चालू असताना प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर मिटून एक काळी फ्रेम घेतो आणि त्या वेळात चमकलेले काजवे हातचे जातात.

गवतफूल : जोडताना फोटोशॉपमध्ये सर्व फ्रेम थरांत उघडून ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळण्याची पद्धत) ‘लाइटन’ ठेवावा, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ पिक्सेल टिकतो. झाडांसाठी तिन्हीसांजेला त्याच चौकटीतून घेतलेली एक फ्रेम तळाशी ठेवावी. शंभरेक फ्रेम जोडून झाडाला लग्नमंडपाची रोषणाई करणे मला पटत नाही; जोडलेल्या फ्रेमची संख्या छायाचित्राखाली लिहावी.

सांजसावली : फ्लॅश तर नकोच. काजव्यांचे लुकलुकणे हा जोडीदारासाठीचा संकेत असतो आणि कृत्रिम प्रकाशाने त्यात व्यत्यय येतो.