घरी केलेल्या छोट्या मेणबत्त्या वितळून पसरतात आणि विझतात, काय चुकतंय?

उजेडवाली
मंडळी जरा मदत करा. जुन्या मेणबत्त्यांची उरलीसुरली थोटकं बरीच साठली होती, म्हटलं वितळवून त्याच्या छोट्या व्होटिव्ह मेणबत्त्या करू. साचे म्हणून सिलिकॉनचे मफिन कप घेतले आणि वातीला जाड सुती दोरा पिळून मेणात बुडवून ठेवला. दिसायला एकदम झकास झाल्या. पण ताटलीत ठेवून पेटवली की वीस-पंचवीस मिनिटांत ती एका बाजूने खचते, खाली मेणाचं तळं होतं आणि त्यात वात आडवी पडून विझते!! दुसरं म्हणजे गार झाल्यावर सहाच्या सहा मेणबत्त्यांना वातीभोवती खड्डा, एकीत तर करंगळी जाईल एवढा. आणि वासासाठी मेणात माझ्याच परफ्यूमचे दोन-तीन फवारे मारले होते तर वास शून्य आणि जळताना नुसती चरचर. ताटलीवरचं मेण खरवडून नखांची वाट लागलीय.

कंदील_काका
ताटलीत लावलीत ना, निम्मं तिथेच गंडलं. व्होटिव्ह ही स्वतःच्या पायावर उभी राहणारी मेणबत्ती नाहीच मुळी. ती जळताना सगळीच्या सगळी पातळ होते आणि ते पातळ मेण धरून ठेवायला तिला अंगाबरोबर बसणारा काचेचा ग्लास लागतो, मग वात त्या मेणात उभी राहून शेवटपर्यंत ओढत राहते. ग्लास फार रुंद असेल तरी हेच होणार, मेण कडेला पसरतं, उथळ होतं आणि वात कोरडी पडते. साधारण ४ सेंमी रुंद, ५ सेंमी उंच अशी तिची बांधणी असते, तुमचा मफिन कप वरून जवळजवळ दुप्पट रुंद असेल. ग्लास जाड आणि उष्णता सोसणारा घ्या, पाणी प्यायचा पातळ ग्लास नको, तडकतो.

वातकुक्कुट
काकांचं बरोबर आहे पण खरा घोळ वातीत आहे असं मला वाटतं (माझा आयडी बघून हसू नका).

दोरा पिळून केलेली वात आणि विणलेली वात यात फार फरक पडतो. विणलेली वात जळताना टोकाशी वाकते, ते टोक ज्योतीच्या बाहेर हवेत जातं आणि तिथे जळून राख होतं. पिळाचा दोरा सरळ उभाच राहतो, टोकाला काळा गोळा धरतो आणि मग काजळी. विणलेल्या वाती १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाल्या, त्याआधी लोक मेणबत्ती चालू असताना कात्री घेऊन बसायचे, दर थोड्या वेळाने वात कापायला. तुम्हाला तसं बसायचं असेल तर दोरा ठीक आहे :)

व्होटिव्हसाठी मधे कागदाची किंवा कापसाची ताठ दोरी असलेली, मेण लावलेली तयार वात मिळते, तिच्या बुडाला पत्र्याची छोटी चकती असते. मेण पूर्ण पातळ झालं की साधा दोरा मान टाकतो, ही टाकत नाही. चकतीमुळे ज्योत ग्लासच्या बुडाला टेकायच्या आत विझते हा आणखी एक फायदा.

आता खड्डा. मेण गार होताना आकसतं, कडा आधी धरतात आणि मधलं मेण खाली ओढलं जातं, त्यामुळे खड्डा पडणारच, तुमचं काही चुकलं नाही. पहिल्यांदाच सगळं ओतू नका, पाव भाग बाजूला ठेवा. वर साय धरली की वातीच्या आजूबाजूला विणायच्या सुईने तीन-चार भोकं पाडा, आतली पोकळी उघडी पडते, मग उरलेलं मेण पहिल्यापेक्षा ४-५ अंश जास्त गरम करून ओता. पहिल्या रेषेच्या वर मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर ते साच्याच्या आणि मेणबत्तीच्या मधे उतरतं आणि कडेला पापुद्रे येतात.

थोटकं कसली होती? बरणीतल्या मेणबत्तीचं मेण मऊ असतं, जाड उभ्या मेणबत्तीचं कडक. दोन्ही एकत्र केलं की काय होईल ते त्या मेणालाच माहीत. आणि गाळून घेतलंत का? जुन्या वातीचे कण राहिले तर तेही पेटतात. रंगासाठी कुणी खडू टाकायला सांगेल, त्याची पूड वातीत अडकते, ऐकू नका.

सांडशी
परफ्यूम?? अहो त्यात बहुतेक अल्कोहोलच असतं, ते मेणात मिसळत नाही आणि गरम मेणावर फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल वेगळं येतं, १०० ग्रॅम मेणाला ५-६ ग्रॅम पुरे.

आणि मेण वितळवलंत कसं, थेट गॅसवर? मी एकदा केलंय ते. फोन आला म्हणून दोन मिनिटं वळले, परत बघते तर पातेल्यातून पांढरा धूर, बुडबुडे नाहीत काही नाही, मेण पाण्यासारखं उकळून इशारा देत नाही, सरळ धुरावर आणि मग पेटण्यावर येतं. त्या दिवसापासून पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवूनच करते, त्याने मेण पाण्याच्या उकळीपुढे तापतच नाही. पेटलंच तर पाणी अजिबात नाही, भडका उडतो. गॅस बंद आणि वर झाकण.

नखांसाठी सोपा उपाय, ग्लास तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मेण आकसून टुणकन निघतं.

कंदील_काका
फ्रीझर कशाला, ग्लासच्या तळाशी अर्धा चमचा पाणी घालून वर मेणबत्ती ठेवायची, मेण चिकटतच नाही.

सांडशी
काका, मेणबत्ती संपत आली की ज्योत त्या पाण्यापर्यंत येते, मग गरम मेण तडतडून उडतं. माझा एक ग्लास फुटलाय असा. तुम्ही वेळेत विझवत असाल म्हणून बचावलात.

कंदील_काका
शेवटचा बोटभर राहिली की विझवतो हे खरंय. बरं, फ्रीझर तर फ्रीझर. फक्त बाहेर काढल्या काढल्या कढत पाण्यात धरू नका.

उजेडवाली
सगळ्यांचे आभार! थेट गॅसवरच केलं होतं, बोलणी खाल्ली ती योग्यच. काल तयार वाती आणून, मेण गाळून, छोट्या साच्यात तीन केल्या, दोनदा ओतून. खड्डा गेला. वात अर्धा सेंमी ठेवली. ग्लासात लावली तर तासाभराने वरचं मेण कडेपर्यंत तेलासारखं नितळ, आणि ज्योत मधोमध स्थिर, बघत बसले नुसती. एकीची वात जरा तिरकी बसलीय, तिने एका बाजूची काच काळी केली. त्या सहा जुन्या आज परत वितळवतेय, पातेल्यात पातेलं आणि झाकण हाताशी.

वातकुक्कुट
तिरक्या वातीला मेण पातळ असतानाच काडीने सरळ करा, आधी विझवून.