दिल्ली पासिंगची 520डी गोव्यात आणावी का? पार्किंग उघड्यावर आहे

मिरामारकर:
नमस्कार मंडळी. 2016 ची बीएमडब्ल्यू 520डी मिळतेय, दिल्ली पासिंग, एकच मालक, 62 हजार चाललेली. किंमत ऐकून बायको म्हणाली यात काहीतरी गोलमाल आहे. आमची सोसायटी समुद्राजवळ, पार्किंगला छप्पर नाही, ऑफिस पणजीतच पाटोला म्हणजे जाऊन येऊन दहाएक किलोमीटर, कधीतरी शनिवार-रविवार गावी पेडण्याला. या उन्हात नि खाऱ्या हवेत अजून पाच वर्षं निघतील का, की गॅरेजवाल्याचंच घर चालवायचं? ज्यांनी असल्या गाड्या ठेवल्यात त्यांनी सांगा प्लीज.

म्हापशेकर:
पात्रांव, गोलमाल असेलच असं नाही, दिल्लीत 10 वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदीची टांगती तलवार असते म्हणून लोक पडेल भावात काढतात. पण तुम्ही 62 हजार बघून खूश होऊ नका, वय बघा. बॉनेटखालचं प्लास्टिक नि रबर गरम-थंड होऊन होऊन कडक होतं, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचा जोड, होस, थर्मोस्टॅटचं हाऊसिंग, काढायला गेलं की खारीसारखं तुटतं. गाडी थंड असताना टाकीच्या जोडावर टॉर्च मारा, वाळलेला पांढरट डाग दिसला तर गळतंय. आणि कुणी नळाचं पाणी टाकून टॉप-अप केलेलं असेल तर सोडून द्या, कूलंट गंज धरू नये म्हणून पण असतं हे लोकांना कोण सांगणार.
दुसरं, गिअरबॉक्सचं ऑइल. शोरूमवाले 'लाइफटाइम', म्हणजे कधी बदलायचंच नाही, म्हणतात, पण तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किमी किंवा 8 वर्षं सांगते, जे आधी होईल ते. म्हणजे तुमचं वयाने बदलायला आलेलंच आहे, तो खर्च किमतीतून कापून मागा.
आणि 2018 मध्ये बीएमडब्ल्यूने डिझेलच्या ईजीआर कूलरसाठी (ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) जगभर रिकॉल काढला होता, कूलंट गळून आग लागायची भीती. चासी नंबर देऊन विचारून घ्या ही गाडी त्यात होती का नि काम झालंय का.

शिवोलीचा_शेजारी:
माझी पण जर्मन सेडान आहे, समुद्राजवळच उभी असते. इंजिनाने कधी त्रास दिला नाही, त्रास दिला सनरूफने. कोपऱ्यात पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्यात गुलमोहराची पानं अडकली नि जूनच्या पावसात पाणी आत उतरून कार्पेटखाली साचलं, वास आला तेव्हा कळलं, तोवर सीटखालचं वायरिंग हिरवं पडलेलं. मे महिन्यातच एक तांब्या पाणी हळूहळू त्या खाचेत ओता नि खाली चाकापाशी बाहेर येतं का बघा, फुकटातलं काम आहे. एसीचा कंडेन्सर खाऱ्या हवेने गंजतोच, हलक्या प्रेशरने गोड्या पाण्याने धूत जा. कव्हर मात्र घालू नका, आत दमटपणा कोंडतो.

फोंड्याचो_बाबू:
खरं सांगू? रोज दहा किलोमीटरला डिझेल कशाला हवं. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही पोचता, काजळी ईजीआरमध्ये बसते, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर तो पण चोंदतो. त्यापेक्षा जुनी कॅमरी हायब्रिड बघा, मान जरा कमी मिळेल पण झोप लागेल. फक्त मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीची हवा खेचायची जाळी असते ती साफ ठेवायची.

मिरामारकर:
बाबू, कॅमरी बायकोला आवडेल, मला नाही 😄 पेडण्याला दर आठवड्याला गेलो तर चालेल ना?

म्हापशेकर:
हायवेला अर्धा तास मोकळी पळवली तर बराच फरक पडतो. पण टोकन देण्याआधी दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात घ्या नि गोव्याचा रोड टॅक्स किती बसतो ते आपल्या आरटीओत विचारून घ्या. गाडी दारात नि कागद दिल्लीत, असे दोघे मी म्हापशातच बघितलेत.