दहा लाखांत तीन संस्थांनी काय दिवे लावायचे?

बेसाल्ट
‘विद्यापीठांनी एकत्र येऊन शाश्वत विकास आणि आर्थिक वाढीवर काम करावं म्हणून पाच-दहा लाखांचं सीड मनी (सुरुवातीचं अनुदान) वाटणं म्हणजे खिरापत. ते बंद करून सगळा पैसा एका मोठ्या संस्थेला द्या’, हे इथल्या चर्चेतले सदस्य ‘नियोजन’ यांचं मत वाचलं आणि गप्प बसवेना.

एक प्रकल्प समजा. नांदेडचं स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा) विद्यापीठ, परभणीचं कृषी विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था). तिघांनी मिळून एका पाणलोटाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि तिथे उसाऐवजी कोणतं पीक परवडेल ते काढायचं. 40 विहिरी, पाण्याच्या पातळीची मे अखेरीस पावसाआधी एक मोजणी, ऑक्टोबरात पावसानंतर दुसरी. याला कोट्यवधी लागत नाहीत.

घोडं अडतं ते वेळापत्रकात. मंजुरी डिसेंबरात, पैसे फेब्रुवारीत, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) 31 मार्चच्या हिशेबाने. पाऊस येतो जूनमध्ये. मे-ऑक्टोबरची जोडी पहिल्या हप्त्यात बसतच नाही. मग पैसे परत जाऊ नयेत म्हणून लॅपटॉप घेतले जातात, कार्यशाळा भरवल्या जातात. अहवालात आकडे कुठून येणार?

नियोजन
वेळापत्रक सुधारा, तरी गणित जमत नाही. दहा लाख भागिले तीन. जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधक फेलोच्या मानधनाचा दर 2023 पासून महिना 37 हजार आहे. घरभाडं धरायच्या आधीच वर्षाचे 4 लाख 44 हजार झाले. म्हणजे प्रत्येक संस्थेला एक माणूससुद्धा परवडत नाही. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेच्या पेअर कार्यक्रमात एक हब (मुख्य संस्था) आणि भोवती स्पोक (तिला जोडलेल्या संस्था) अशी रचना आहे, तीच बरोबर आहे. उपकरणं, माणसं, हिशेब एका जागी ठेवा.

बेसाल्ट
तिघांना तीन फेलो हवेत हे कोणी सांगितलं? एकच फेलो ठेवा, तोही ज्या संस्थेजवळ विहिरी आहेत तिथे. बाकी दोघांनी माती-पीक आणि कालव्याची माहिती द्यायची.

आणि हबला काम दिल्यावर काय होतं तेही बघा. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, भूजलाची विशिष्ट उत्पन्नक्षमता (खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी तो सोडतो) साधारण 1 ते 3 टक्के धरतात. पातळी 2 मीटर चढली, तर 1 टक्क्याने पुनर्भरण (जमिनीत मुरलेलं पाणी) 20 मिमी आणि 3 टक्क्यांनी 60 मिमी. तिप्पट फरक! दूर बसलेला माणूस पुस्तकातला मधला आकडा उचलतो. तो आकडा तिथल्याच विहिरीवर उपसा चाचणी घेऊन, म्हणजे पाणी उपसून पातळी कशी बदलते ते बघून काढावा लागतो.

तंत्रस्नेही
40 विहिरींत लॉगर (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) सोडा ना. दर तासाला नोंद. टेप घेऊन माणूस पाठवायचा जमाना गेला.

बेसाल्ट
लॉगरवर पैसे बुडवणारे प्रकल्प इथेच जन्माला येतात. स्वस्त लॉगर एकूण दाब मोजतो, म्हणजे पाण्याचा अधिक हवेचा. 1 हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास 1 सेंमी पाणी. दिवसभरात हवेचा दाब तीन-चार हेक्टोपास्कलने सहज हलतो. विहिरीबाहेर हवेचा दाब मोजणारा वेगळा लॉगर लावला नाही, तर पाणी रोज तीन-चार सेंमी वरखाली झाल्यासारखं दिसतं. कोटेशनमध्ये नेमका तोच एक नग गळतो.

शिवाय या उघड्या विहिरी आहेत. मोटरच्या दोराला केबल गुंतते, गाळ बसतो. आणि दर तासाची नोंद घेतली तरी पंप कधी चालू होता ते माहीत नसेल तर मोजता ती उपशाची घसरण. शेतीला वीज ठरावीक तासच, कुठे कुठे रात्रीची. पंप शेवटचा कधी बंद झाला हे शेतकऱ्याला विचारावंच लागतं. म्हणून टेप आणि माणूस.

तंत्रस्नेही
टेपवाल्या माणसाच्या चुका कोण मोजणार? एक संस्था कठड्यापासून मोजते, दुसरी जमिनीपासून. कठडा 80 सेंमी असला की पाणी कागदावर 80 सेंमी चढतं. लॉगर निदान एकाच बिंदूवर टांगलेला असतो.

बेसाल्ट
ही चूक होते, नाकारत नाही. कठड्यावर ऑइलपेंटची खूण करायची, तिची जमिनीपासूनची उंची पहिल्याच दिवशी लिहायची, दोन्ही मोजण्या त्या खुणेपासून. खर्च एका डब्याचा.

लेखाशाखा
लॉगर-टेप पुरे. खरेदी कशी करणार ते सांगा. कृषी विद्यापीठ कृषी विभागाखाली, स्वारातीम उच्च शिक्षणाखाली, वाल्मीचा विभाग तिसराच. तीन लेखाशीर्षं (सरकारी हिशेबातले खर्चाचे वेगळे कप्पे), तीन प्रमाणपत्रं. एकाचं अडकलं की पुढचा हप्ता तिघांचा अडकतो. जून 2025 मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी थेट, म्हणजे कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख केली. राज्य विद्यापीठाचा लेखाविभाग मात्र राज्याची 2016 ची खरेदी नियमपुस्तिकाच उघडतो. यावर कोणी बोलत नाही.

नियोजन
मी तेच म्हणतोय! एकच खातं, एकच हब.

लेखाशाखा
एक खातं ठेवायला हब कशाला लागतो? खातं मुख्य संस्थेचं, बाकीच्यांना कामाप्रमाणे प्रतिपूर्ती. करारात एवढी दोन वाक्यं घाला.

अर्थमराठी
इतका वेळ पाण्यावरच चाललंय. विषयात ‘आर्थिक वाढ’ आहे ना? प्रत्येक अर्जात शेवटच्या पानावर अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक चिकटवतात आणि पाहणीला तीस हजार ठेवतात. 300 कुटुंबं घ्या. चाळीस मिनिटांची प्रश्नावली, गावात फिरणं धरून एका माणसाच्या दिवसाला पाच-सहा. म्हणजे 50 ते 60 मनुष्यदिवस. तीस हजारांत दिवसाला पाचशे-सहाशे पडतात, प्रवास आणि जेवण त्यातच. असं केल्यावर प्रश्नावली झाडाखाली बसून भरली जाते. आणि पीक परवडतं की नाही हे फक्त हमीभावावर काढू नका. सोयाबीन ओलं म्हणून व्यापारी काय कापतो, तो आकडा घ्या.

बेसाल्ट
बरोबर आहे. लॉगरचे पैसे पाहणीला द्या.

नियोजन
ठीक. मुदत 12 ऐवजी 18 महिने करा, सुरुवात एप्रिलमध्ये, म्हणजे पहिली मे-ऑक्टोबरची जोडी आणि पुढचा मे मिळेल. एवढं मान्य. पण एका पावसाळ्यावर शेतकऱ्याला ‘ऊस सोडा’ सांगणार असाल तर माझा विरोध कायम आहे.

बेसाल्ट
एका पावसाळ्यावर तसं कोणी सांगू नये. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरी मोजते. पाणलोटातल्या तिच्या विहिरींच्या जुन्या नोंदी अर्जासोबतच मागवायच्या आणि आपलं वर्ष त्यात कुठे बसतं ते आधी दाखवायचं. मिळाल्या नाहीत, तर पीकबदलाचं प्रकरण अहवालातून काढून टाकायचं.

नियोजन
हे मंजुरीच्या अटींत लिहून आणा, मग बोलू.