मदत हवी आहे : डबल बेसवर साल्सा वाजवताना 'एक' हरवतो

तंतुमित्र :
शनिवारी तालीम आहे, म्हणून घाईत लिहितोय. दोन महिने तुंबाओ, म्हणजे साल्सातला बेसचा ठेका, घोटतोय. एकटा असलो की जमतं. काँगा (हाताने वाजवायचा ढोल) आणि पियानो सुरू झाले की 'एक', म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे गेला तेच कळत नाही, आणि हात नेमका पहिल्या मात्रेवर पडतो. काय करू?

खर्जवेडा :
क्लावे, म्हणजे साल्साचा पाच ठोक्यांचा मूळ ठेका, ३-२ (आधी तीन ठोके, मग दोन) की २-३? लय किती? बोटांनी वाजवता की गजाने? काहीच लिहिलं नाहीत.

तंतुमित्र :
बोटांनीच हो, साल्साला गज कशाला! लय मिनिटाला १८० मात्रा. क्लावेचं आमच्या पियानोवाल्याला माहीत.

मंद्रसप्तक :
गज कशाला म्हणजे? हवानाचे बेसवादक काचाओ गजही चालवायचे. त्यांचे भाऊ ओरेस्तेस यांची 'मांबो' नावाची दान्सोन (क्युबन नृत्यसंगीताची रचना) १९३८ची, मांबो या नृत्यसंगीताचं मूळ तिथे सापडतं. आधी ते ऐका.

ठेकेदार :
मी तबला वाजवतो. आठ मात्रांचा केरवा धरा, सम मनात ठेवा. सुटेल प्रश्न.

खर्जवेडा :
सम मनात ठेवा हे पटलं, केरवा नाही. केरव्यात वजन समेवर येतं, इथे बेस समेवर गप्प असतो. तंतुमित्र, क्लावे पियानोवाल्यावर सोडू नका. तीनच्या बाजूचे ठोके असे : एक, दोन-तीनच्या मधोमध, चार. त्यातले शेवटचे दोन, बोंबो आणि पोंचे, म्हणजेच तुमचा बेस. मग दोनच्या बाजूलाही तेच दोन वाजवत राहायचं. चारचा स्वर दाबून धरा, पुढच्या 'एक'वर तो घुमत राहू द्या. तुमचं बोट तिथेच लवकर उठत असणार.

ठेकेदार :
मात्रा मोजायला केरव्याने काय बिघडतं ते अजून सांगितलं नाहीत.

सूरपेटी :
बोसा नोव्हापासून सुरुवात करा. मूळ स्वर, मग पाचवा. सोपं आहे.

मंद्रसप्तक :
ते ब्राझीलचं. यांना शनिवारी साल्सा वाजवायचाय.

तंतुमित्र :
खर्जवेडा, बरोबर पकडलंत, बोट उचलतच होतो. लय ९०वर आणली, पायाने एक आणि तीन देतोय, तोंडाने 'एक' म्हणतोय. चाळीस आवर्तनं टिकलो! पण कॉर्ड (स्वरसमूह) बदलला की पुन्हा घोळ.

खर्जवेडा :
कारण तुम्ही नव्या कॉर्डची वाट बघता. सी कॉर्डनंतर एफ असेल तर सीच्याच आवर्तनात, चारवर एफ वाजवा. पियानो मागून येईल. तो चुकल्यासारखा वाटला तरी तुम्ही हलू नका. तारा फार उंच आहेत का? १८०ला हात दमला तरी स्वर आखूड होतो.

तंतुमित्र :
उंचच आहेत. बेस भाड्याचा आहे, घोडीला हात लावता येत नाही.

सूरपेटी :
काँगावाला कुठे मिळाला तुम्हाला? मी पुण्यात वर्षभर शोधतोय.