'शी स्टूप्स टू कॉन्कर': मार्लोला केट ओळखूच कशी येत नाही?

खडू-डस्टर
आमची सून नोकरी सांभाळून इंग्रजीत एम.ए. करतेय. रात्री जेवणं झाली की टेबल पुसून आम्ही दोघं तिच्या अभ्यासातलं नाटक मोठ्याने वाचतो. ती केट, मी मार्लो. जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे न पटलेली पायरी ओलांडून मला पुढे जाता येत नाही.

गोल्डस्मिथचं हे नाटक १७७३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला पहिल्यांदा झालं. हार्डकॅसलचा सावत्र मुलगा टोनी लम्पकिन गुत्त्यात बसून मार्लोला चकवतो, हार्डकॅसलचं घर म्हणजे सराई आहे असं सांगतो. ठीक. रात्रीची वेळ, परका मुलूख. होणाऱ्या सासऱ्याला सराईवाला समजून हा त्याच्यावर हुकूम सोडतो, तेही हसत पचवलं. पण हार्डकॅसलची मुलगी केट, जिला बघायला आला, जिच्याशी समोरासमोर बोलला, तीच थोड्या वेळाने साध्या कपड्यांत आली तर ही इथली कामवाली पोरगी, असं याला वाटतं? आवाज तोच, चेहरा तोच! सून म्हणते, "बाबा, कॉमेडी आहे, सोडा ना." सुटत नाही.

उगाच_एक
आमचे गणिताचे सर एकदा लुंगीवर दूध आणताना दिसले होते. ते सरच आहेत हे मी दोन दिवस मानलं नव्हतं. चालू द्या.

तिसरी घंटा
कॉलेजात मी केट केली आहे, म्हणून लिहिते. मास्तर, पहिली भेट पुन्हा वाचा. मार्लो मान वरच करत नाही. पुढे केट स्वतःच दासीला सांगते, की त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी माझ्या बॉनेटमुळे, म्हणजे पुढे कड असलेल्या बायकी टोपीमुळे, त्याला चेहरा दिसला नसता. म्हणजे तुमची शंका लेखकाला आधीच आली होती. आमचं बॉनेट पुठ्ठ्याचं, त्याला आईच्या परकराची झालर. कड इतकी पुढे आली होती की मलाच मार्लोचे फक्त बूट दिसायचे.

कपड्यांचंही तसंच. सकाळी हवं तसं नटायचं, संध्याकाळी मात्र साधा वेष, हा बापलेकीतला करार पहिल्याच अंकात येतो.

आणि संवाद बघा ना. पहिल्या भेटीत ढोंगीपणावर काहीतरी बोलायला जातो आणि वाक्याच्या मध्येच अडकतो, केट त्याला सांभाळून घेते. तीच सराईतली मुलगी वाटली की याच्या जिभेला हाड राहत नाही, थेट ओठांचं अमृत मागतो. ती म्हणते, अमृत? त्याला इकडे गिऱ्हाईक नाही, फ्रेंच असेल, आम्ही फ्रेंच दारू ठेवत नाही. हे म्हणताना अजिबात हसायचं नाही, गल्ल्यावरच्या माणसासारखं तोंड ठेवायचं. खानदानी मुलीपुढे गळाठणारा हा गडी गरिबाघरच्या पोरीपुढे वाघ होतो. गैरसमज दूर केला तर हा तोंडच उघडणार नाही, हे केटला पुरतं कळलेलं असतं.

पुढे घर सराई नव्हे हे कळून तो शरमतो आणि ती स्वतःला घरातली गरीब नातेवाईक म्हणवते. तिथे तो पहिल्यांदा सरळ माणसासारखा बोलतो. आमच्या दिग्दर्शकांनी वेळ नाही म्हणून नेमका तोच तुकडा कापला. माझा राग अजून गेलेला नाही.

कोपऱ्यातली खुर्ची
याच्या बारा वर्षं आधी, १७६१ साली, आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' आलं. त्यावरूनच देवलांचं 'संशयकल्लोळ'. तिथला फाल्गुनराव डोळे फाडफाडून बघतो आणि अर्थ भलताच लावतो. मार्लो बघतच नाही. मला फाल्गुनराव जास्त आवडतो, पण ते असो.

खडू-डस्टर
तिसरी घंटा, बॉनेटचं वाक्य सापडलं. आम्ही त्या पानावरून घाईत गेलो होतो. चूक माझी.

काल ओढणी कपाळावर घेऊन सुनेने तो प्रवेश पुन्हा वाचला. आमची ही शेंगा सोलत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अहो, बघायला आलात तेव्हा तुम्ही पोह्यांच्या बशीकडेच बघत होतात. पुढच्या आठवड्यात मी भाजीची पिशवी घेऊन थांब्यावर उभी, तर मलाच विचारलंत, स्वारगेटला कुठली बस जाते?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बसचा नंबर सांगितला. आणखी काय सांगणार?"