आईला वास येईनासा झालाय, न्यूरॉलॉजिस्टकडे आत्ताच जावं का?

नमस्कार, मदत हवी आहे. आई ६८ वर्षांची. साधारण वर्षभरात तिची वास घेण्याची क्षमता हळूहळू कमी झालीय. गेल्या आठवड्यात पातेलं करपून धूर झाला, ती शेजारच्याच खोलीत होती, तिला पत्ताच नाही. साबण नाकाशी धरला तर म्हणते, "काहीतरी येतंय, पण कसला ते सांगता येत नाही." मला याचीच जास्त काळजी वाटते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, पॉलिप (नाकातली मांसल वाढ) नाही, सायनस ठीक. महिनाभर स्टेरॉइड स्प्रे मारला, फरक नाही. वास जाण्याआधी कोविड, सर्दी किंवा डोक्याला मार, काहीही नव्हतं. नवीन औषध नाही. स्मरणाची मोका चाचणी केली, ३० पैकी २७. हातांना कंप नाही, व्यवहार स्वतः बघते.

वयानेही वास कमी होतो आणि एवढ्यावरून डिमेन्शिया ठरत नाही, हे माहीत आहे. पण अल्झायमर, पार्किन्सनमध्ये वास आधी जाऊ शकतो, म्हणून दुर्लक्ष करवत नाही. आईला उगाच घाबरवायचंही नाही.

ज्यांच्या घरी असं झालंय किंवा जे डॉक्टर आहेत त्यांनी सांगा: ४० वासांची ओळख-चाचणी आणि एमआरआय आत्ताच करून घ्यावं, की सहा महिन्यांनी मोका पुन्हा करून मग ठरवावं?