हेडीज-पर्सेफनीच्या प्रेमकथेत आईला खलनायिका का करता?

अनवट (धागाकर्ती)
ग्रीक पुराणकथांवरच्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्या गेली काही वर्षं धडाधड येतायत, आणि त्यात हेडीज-पर्सेफनीची जोडी फार लाडकी. साचा ठरलेला. पाताळाचा राजा हेडीज अबोल, वरून कठोर, आतून हळवा. पर्सेफनी घरात घुसमटलेली. आणि तिची आई, धान्याची देवी डिमिटर, म्हणजे मुलीवर पाळत ठेवणारी, संशयी बाई. मग मुलगी आपणहून पाताळात जाते, कारण तिथे तरी तिचं कुणी ऐकतं.

पळवून नेणाऱ्याला नायक केलं, हे खटकतंच. पण त्याहून जास्त खटकतं ते आईचं जे केलंय ते. ही कथा सविस्तर सांगणारं सर्वांत जुनं काव्य म्हणजे डिमिटरचं स्तोत्र, साधारण इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकातलं. त्यात पर्सेफनी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असते. देवांचा राजा आणि तिचा बाप झ्यूस, त्याच्या इच्छेने जमिनीतून शंभर फुलांचा नार्सिसस उगवतो, निव्वळ आमिष म्हणून. ती दोन्ही हात पुढे करते, जमीन दुभंगते आणि हेडीज तिला पळवून नेतो. ती किंचाळते, बापाला हाका मारते. हे लग्न परस्पर ठरवलंय त्याच बापाला! पुढे आई नऊ दिवस मशाली घेऊन वणवण फिरते. अन्नाला शिवत नाही, अंगावर पाणी घेत नाही. शेवटी शेतात एक दाणा रुजू देत नाही, आणि झ्यूसला नमावं लागतं. एवढी मोठी बाई आज खाष्ट ठरते, कारण प्रेमकथेला कुणीतरी आडवं यायला हवं असतं.

रानजाई
अजिबात पटलं नाही. स्तोत्र हे कथेचं एक रूप झालं. दक्षिण इटलीत लोक्री नावाची ग्रीक वसाहत होती. तिथल्या पर्सेफनीच्या देवस्थानात इ.स.पूर्व पाचव्या शतकातले भाजक्या मातीचे फलक सापडलेत. त्यात एकावर ती आणि हेडीज शेजारी-शेजारी सिंहासनावर बसलेत. तिच्या एका हातात कोंबडा, दुसऱ्यात धान्याच्या लोंब्या. चांगली ऐटीत बसलीय. लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुली तिला हे फलक वाहत असाव्यात, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तिला राणी म्हणून, संसाराची देवता म्हणून पुजणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. आणि हेडीजला प्रेमात पाडलं ते आजच्या लेखिकांनी नाही. रोमन कवी ओव्हिडकडे प्रेमदेवता व्हीनसच्या सांगण्यावरून तिचा मुलगा क्युपिड त्याला बाण मारतो. कथा तेव्हापासून बदलत आलीय.

अनवट
रानजाई, लोक्रीच्याच कितीतरी फलकांवर मुलीला उचलून रथात घालून नेतानाची दृश्यं आहेत. ती का सोडलीत? आणि ओव्हिडचा बाण हेडीजला लागतो, तिला नाही. त्याच्याकडेही ती रडत आईला हाका मारते, आणि ओच्यातली फुलं सांडली म्हणून तिला वाईट वाटतं. इतकी लहान आहे ती.

कातरवेळ
मी या कादंबऱ्या मनापासून वाचते. ज्यांच्या घरी आईच्या धाकात श्वास घेता येत नाही, अशा मुलींना ती डिमिटर अगदी ओळखीची वाटते. आईची माया मुलीला जखडूनही ठेवते, हे कुणी लिहूच नये का?

पिंपळपार
जरूर लिहावं. पण खांडेकरांची 'ययाति' आठवा. महाभारतात जिला फारसं बोलायला मिळत नाही ती शर्मिष्ठा तिथे आपली बाजू स्वतः सांगते, देवयानीही सांगते. पुराणकथा नव्याने सांगायची तर अशी. या कादंबऱ्यांत उलट आईचा होता तो आवाजही काढून घेतलाय. एका प्रेमाला जागा करायला दुसरं प्रेम खोटं ठरवायची काय गरज?

रानजाई
मग डाळिंबाचं बोलू. पाताळात काही खाल्लं की तिथे परतावंच लागतं, आणि पर्सेफनी डाळिंबाचा दाणा खाते. स्तोत्रात निवेदक म्हणतो की हेडीजने दाणा गुपचूप दिला. पर्सेफनी मात्र आईला सांगते, जबरदस्तीने खायला लावला. दोन्ही एकाच काव्यात! आईसमोर मुलगी गोष्ट थोडी वेगळी सांगते, हे त्या जुन्या कवीलाही सुचलं होतं. ती आईपासून काय लपवत असेल? कादंबरी तिथेच सुरू होते, आणि ती जागा मूळ काव्यातच आहे.

अनवट
मुद्दा जोरदार आहे. पण दोन्ही ठिकाणी दाणा देणारा हेडीजच, आणि दोन्हीत तिची संमती नाही. शिवाय त्याच्या आधीचं वाचा. तो तिला सांगतो, तू सगळ्यांवर राज्य करशील, मानसन्मान मिळतील. घरी जायला मिळतंय म्हटल्यावर ती आनंदाने उडी मारून उठते. आणि भेट झाल्यावर आई तिला मिठीत घेतल्या घेतल्या विचारते, तिथे काही खाल्लं नाहीस ना? वर्षाचा एक भाग पाताळात आणि दोन भाग आईजवळ, असा निवाडा होतो. त्या दोन भागांवर अशी एक तरी प्रणयकादंबरी दाखवा.

रानजाई
तशी माझ्या वाचनात नाही. पण त्यासाठी या कादंबऱ्या रद्दीत का घालायच्या? पाताळातला तो एक भागही तिचाच आहे, आणि तिथे ती रडतच बसली असेल असं स्तोत्रही म्हणत नाही.